सैल होण्याचा निरोप

पुणे-नगर रस्त्याने निघालेला प्रवासी कोरेगाव भीमा ओलांडून शिक्रापूरकडे जाऊ लागला, की मध्ये सणसवाडी लागते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने, गोदामे आणि मालमोटारींच्या रांगा. आणि त्यांच्या आधाराने वाढलेली बाजारपेठ. अशा बाजारपेठेत किराणा, कापड, हार्डवेअर किंवा भांड्यांचे दुकान चालवणाऱ्या व्यापाऱ्याचा दिवस सर्वांच्या परिचयाचा आहे. सकाळी नवकारशी पाळून चहा, त्यानंतर गादीवर बैठक. ती रात्री शटर खाली येईपर्यंत. गिऱ्हाईक समोर असताना पाणी प्यायचे राहून जाते, शौचाची भावना झाली तरी ती दाबली जाते आणि हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळत असल्याने चौविहाराचे जेवण दहा मिनिटांत उरकले जाते. जमाखर्चातील एका रुपयाची चूक रात्र जागून शोधणारा हा माणूस पोटाची तक्रार मात्र वर्षानुवर्षे 'गॅस' किंवा 'ॲसिडिटी' या खात्यावर टाकून मोकळा होतो.

महामार्गांच्या कडेने भिंतींवर आणि खांबांवर 'मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन हमखास इलाज' अशा पाट्या दिसतात. पाट्या टिकून आहेत याचा अर्थ त्यांना गिऱ्हाईक आहे, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. संकोचामुळे घरात बोलले जात नाही, डॉक्टरांकडे जाणे लांबते आणि मग माणूस पाटीवरचा पत्ता शोधतो.

या तक्रारींपैकी कित्येकींच्या मुळाशी एकच गोष्ट असते, ती म्हणजे ज्या क्षणी आतड्याच्या स्नायूने सैल व्हायला हवे, त्या क्षणी तो सैल होत नाही. आतडे आवळून अन्न पुढे ढकलते एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. परंतु सैल होणे हेसुद्धा एक काम आहे, त्यासाठी मज्जातंतूंकडून स्वतंत्र निरोप यावा लागतो आणि तो निरोप रसायनांच्या रूपाने येतो, ही गोष्ट वैद्यकालाही फार उशिरा उमगली.

पुढचा रस्ता मोकळा झाला पाहिजे

शिक्रापूरच्या चौकात वाहतूक अडली, की मागच्या मोटारीने कितीही भोंगा वाजवला तरी उपयोग होत नाही. पुढची जागा मोकळी झाली तरच रांग सरकते. आतड्याचेही तसेच आहे. १८९९ मध्ये लंडनमधील विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या शरीरशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की आतड्यात अन्नाचा गोळा आला असता त्याच्या मागचा भाग आवळला जातो आणि त्याच वेळी पुढचा भाग सैल पडतो. त्यांनी याला आतड्याचा नियम म्हटले. मागून रेटा आणि पुढून वाट, या दोन्ही गोष्टी एकत्र घडल्या तरच अन्न पुढे जाते.

आतड्याच्या भिंतीतील स्नायू हातापायांच्या स्नायूंसारखे आपल्या इच्छेने चालत नाहीत. त्यांना अनैच्छिक किंवा अरेखित स्नायू म्हणतात. या स्नायूच्या पेशीत कॅल्शियमचे प्रमाण वाढले की ती आवळते आणि ते उतरले की सैल पडते. पेशीला कॅल्शियम आत घ्यायला लावणारे आणि कमी करायला लावणारे निरोप वेगवेगळे असतात. हे निरोप देणारे मज्जातंतूंचे जाळे आतड्याच्या भिंतीतच विणलेले आहे. त्याचे दोन पदर आहेत. स्नायूंच्या दोन थरांमधला पदर ऑअरबाख या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो आणि अस्तराखालचा पदर माइस्नर यांच्या नावाने. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत पसरलेल्या या जाळ्यात दहा कोटींहून अधिक मज्जापेशी आहेत. मेंदूशी त्याचा संबंध असतो, तरीही आतड्याचा रोजचा व्यवहार हे जाळे पुष्कळसे स्वतःच्या अधिकारात चालवते. पेढीच्या मालकाने दूरच्या दुकानाचा कारभार विश्वासू मुनीमाकडे सोपवावा, तसा हा प्रकार आहे.

निरोप्याचा शोध

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मज्जातंतूंचे दोन रासायनिक निरोपे माहीत होते. ॲसिटिलकोलीन आतड्याला आवळायला लावते आणि नॉरॲड्रेनलीन त्याची गती मंद करते. हिशोब पूर्ण झाला असे वाटत होते. परंतु १९६० च्या दशकात मेलबर्न येथील जेफ्री बर्नस्टॉक यांना एक तफावत आढळली. या दोन्ही रसायनांचा परिणाम औषधांनी रोखल्यानंतर आतड्याच्या स्नायूतील मज्जातंतूंना चेतना दिली, तरीही स्नायू सैल पडत होता. म्हणजे तिसरा कोणीतरी निरोप्या होता. बर्नस्टॉक यांनी एटीपी या रेणूचे नाव पुढे केले आणि १९७२ मध्ये तसा सिद्धान्त मांडला. एटीपी पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू म्हणून प्रसिद्ध होता. तो निरोप्याचेही काम करतो, ही कल्पना अनेक वर्षे विद्वानांनी हसण्यावारी नेली. पुढे ती खरी ठरली.

१९७० मध्ये सामी सैद आणि व्हिक्टर मुट यांनी आतड्यातून एक प्रथिनसदृश पदार्थ वेगळा केला. त्याला संक्षेपाने व्हीआयपी म्हणतात. हा दुसरा निरोप्या ठरला. तिसरा निरोप्या मात्र सर्वांच्या कल्पनेपलीकडचा निघाला.

१९८० मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट फर्चगॉट यांना असे दिसले, की रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून काहीतरी बाहेर पडते आणि वाहिनीचा स्नायू सैल होतो. ते 'काहीतरी' म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू आहे, हे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात सिद्ध झाले. मोटारींच्या धुरात सापडणारा हाच वायू शरीर अल्प प्रमाणात स्वतः बनवते आणि निरोप देण्यासाठी वापरते, हे ऐकून वैज्ञानिक जगत चकित झाले. १९९० मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले, की आतड्याला सैल करणारे मज्जातंतू हाच वायू सोडतात. बर्नस्टॉक यांना कित्येक वर्षांपूर्वी आढळलेल्या तफावतीचा मोठा भाग या नोंदीने जुळला. १९९८ मध्ये फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना नायट्रिक ऑक्साइडच्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

या पारितोषिकाशी एक योगायोग जोडलेला आहे. डायनामाइटचे जनक आल्फ्रेड नोबेल यांची संपत्ती नायट्रोग्लिसरीन या स्फोटक द्रवावर उभी राहिली होती. आयुष्याच्या अखेरीस त्यांना हृदयविकार झाला, तेव्हा डॉक्टरांनी औषध म्हणून नायट्रोग्लिसरीनच सुचवले. हे औषध शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडते आणि रक्तवाहिन्यांना सैल करते, हे कळायला आणखी शतक लागले. छातीत कळ आली की आजोबा जिभेखाली जी गोळी ठेवतात, ती याच वर्गातली.

इतर निरोपे मज्जातंतूच्या टोकाशी लहान पिशव्यांत साठवलेले असतात. नायट्रिक ऑक्साइड साठवता येत नाही. मागणी आली की आर्जिनीन या घटकापासून आणि प्राणवायूपासून तो तिथल्या तिथे तयार होतो, पेशीच्या आवरणातून आरपार शिरतो आणि काही सेकंदांत नाहीसा होतो. तेवढ्या वेळात तो स्नायूपेशीतील एका विकराला जागे करतो. त्यातून चक्रीय जीएमपी नावाचे दुसरे रसायन तयार होते, त्याच्या प्रभावाने कॅल्शियम उतरते आणि स्नायू सैल पडतो. एटीपीचा परिणाम झटपट होतो आणि लवकर सरतो, व्हीआयपीचा सावकाश होतो आणि टिकतो. तिघे मिळून वाट मोकळी करतात.

या ज्ञानाचा बराचसा भाग प्राण्यांवरील प्रयोगांतून आला आहे. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या वाचकाला हे बोचणे स्वाभाविक आहे आणि ते लपवणे योग्य नाही. मानवी शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींवरही आज हे संशोधन चालते. जे ज्ञान हाती आले आहे, त्याचा उपयोग दुःख कमी करण्यासाठी व्हावा आणि पुढची वाट अधिक अहिंसक असावी, एवढी अपेक्षा रास्त आहे.

पहिला दरवाजा : अन्ननलिकेचा तळ

अन्ननलिका जिथे जठराला मिळते, तिथे स्नायूंचे एक कडे असते. एरवी ते बंद राहते, म्हणजे जठरातील आम्ल वर येत नाही. घास गिळला, की मज्जातंतू नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि कडे उघडते. काही माणसांत या जागेच्या सैल करणाऱ्या मज्जापेशी हळूहळू नष्ट होतात. मग घास खाली येतो आणि दरवाजा उघडतच नाही. या आजाराला ॲकॅलेशिया म्हणतात. ग्रीक भाषेतल्या या शब्दाचा अर्थच 'सैल न होणे' असा आहे. आजार विरळा आहे. वर्षाला लाखात एखाद्याला होतो. पण नेमक्या त्याच कारणाने तो ओळखायला उशीर होतो. रुग्ण वर्षानुवर्षे आम्लपित्ताच्या गोळ्या घेत राहतो.

याची लक्षणे घरच्यांच्याच नजरेस आधी येतात. भाकरीच नव्हे, पाणीसुद्धा छातीत अडकते. प्रत्येक घासाबरोबर पाणी प्यावे लागते. रात्री आडवे झाल्यावर न पचलेले, आंबट नसलेले अन्न तोंडात येते. वजन उतरत जाते. समारंभाच्या पंगतीत बसायला माणूस टाळू लागतो. अशा वेळी दुर्बिणीची तपासणी, बेरियम पाजून काढलेला एक्स-रे आणि अन्ननलिकेतील दाब मोजणारी मॅनोमेट्री ही तपासणी यांतून निदान होते. १९१३ मध्ये जर्मनीत अर्न्स्ट हेलर यांनी हे कडे बाहेरून छेदण्याची शस्त्रक्रिया केली. २००८ मध्ये जपानमध्ये हारुहिरो इनोऊए यांनी तोंडावाटे दुर्बीण घालून, अन्ननलिकेच्या अस्तराखाली बोगदा करून तेच काम पोटावर छेद न देता केले. ही पद्धत आज पुण्या-मुंबईतही उपलब्ध आहे. मेलेल्या मज्जापेशी परत येत नाहीत, पण अडलेली वाट मोकळी करता येते.

दुसरा दरवाजा : जठर आणि ऊणोदरी

रिकामे जठर मुठीएवढे असते. जेवण सुरू झाले, की त्याचा वरचा भाग मज्जातंतूंच्या निरोपाने सैल होतो आणि लिटरभर अन्न आतला दाब फारसा न वाढता सामावून घेतो. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञांनी १९११ मध्ये या क्रियेचे वर्णन केले. येथेही मुख्य निरोप्या नायट्रिक ऑक्साइडच आहे. हा निरोप नीट पोहोचला नाही, तर चार घासांतच पोट गच्च झाल्यासारखे वाटते. दीर्घकाळ रक्तातील साखर ताब्यात नसलेल्या मधुमेहींत हे मज्जातंतू दुबळे होतात. 'हल्ली जेवण जात नाही' अशी तक्रार मधुमेही आजोबांनी केली, तर त्यांच्या वयाला दोष देण्यापूर्वी साखर तपासलेली बरी.

बारा तपांपैकी ऊणोदरी हे बाह्य तप सर्वांना माहीत आहे. भुकेपेक्षा थोडे कमी खावे, हा त्याचा आशय. त्याचे प्रयोजन आत्मसंयम आहे आणि त्याला प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज नाही. मात्र सावकाश आणि थोडे कमी खाणाऱ्याच्या जठराला सैल होण्यास अवसर मिळतो, हेही खरे. सूर्यास्तापूर्वी जेवल्याने जेवण आणि झोप यांत काही तासांचे अंतर पडते आणि आम्ल वर येण्याचा त्रास कमी होतो. पण हेच जेवण घड्याळाकडे पाहत, उभ्याउभ्या, न चावता उरकले, तर या लाभातील पुष्कळसा भाग हातचा जातो. हिवाळ्यात पाचच्या सुमारास दुकानातच डबा मागवून पंधरा-वीस मिनिटे गल्ल्यावर दुसऱ्या कोणाला बसवणे, ही व्यवस्था अवघड नाही. नियमही पाळला जातो आणि जठरही.

तिसरा दरवाजा : नवजात बाळ

आतड्याच्या मज्जापेशी आतड्यात जन्मत नाहीत. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत त्या मानेकडच्या भागातून निघतात आणि आतड्याच्या वरच्या टोकाकडून खालच्या टोकाकडे प्रवास करतात. क्वचित हा प्रवास अर्धवट थांबतो. मग मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसतात. सैल होण्याचा निरोप द्यायला तिथे कोणी नसल्याने तो भाग कायम आवळलेला राहतो आणि त्याच्या वरचे आतडे तुंबून फुगते. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये या आजाराचे वर्णन मांडले. त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. सुमारे पाच हजार जन्मांत एका बाळाला तो होतो.

निरोगी बाळाला पहिली काळी-हिरवी, चिकट शी बहुधा जन्मानंतरच्या चोवीस तासांत होते. अठ्ठेचाळीस तास उलटले तरी ती झाली नाही, पोट फुगले, हिरवी उलटी झाली, तर घरातील अनुभवी स्त्री धीर देण्यासाठी म्हणते, "होईल गं, दोन दिवस थांबू, गुटी देऊन पाहू." हे शब्द मायेपोटी येतात, पण या प्रसंगी थांबणे धोक्याचे आहे. तुंबलेल्या आतड्यात जंतुसंसर्ग झाला, तर बाळाचा जीव जाऊ शकतो. एरंडेल किंवा गुटी देऊन मागचा रेटा वाढवता येईल. पुढची वाट त्याने उघडत नाही. बाळाला त्याच दिवशी बालशल्यचिकित्सकांना दाखवणे हाच उपाय. आतड्याचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निदान पक्के होते. १९४८ मध्ये ओर्वर स्वेन्सन यांनी मज्जापेशी नसलेला भाग काढून निरोगी आतडे खाली जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली आणि त्यानंतर या आजाराच्या बाळांचे भवितव्य पालटले.

हा आजार सौम्य असेल, तर क्वचित बालपणी ओळखला जात नाही. मूल बद्धकोष्ठ घेऊनच वाढते. अशाच एका तरुणाच्या उपचाराची नोंद पुण्यातून जगापुढे गेली आहे. सणसवाडीपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर असलेल्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयातील डॉ. अमोल बापये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲकॅलेशियासाठी वापरली जाणारी बोगद्याची पद्धत उलट दिशेने, गुदमार्गातून वापरली. मोठ्या आतड्याच्या अस्तराखाली बोगदा करून त्यांनी सैल न होणारा स्नायू छेदला. प्रौढ वयातील हर्शस्प्रुंग आजारावर माणसात केलेला या प्रकारचा पहिला उपचार म्हणून त्याचा वृत्तान्त २०१६ मध्ये 'डायजेस्टिव्ह एन्डोस्कोपी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अन्ननलिकेचा आजार आणि आतड्याचा आजार वरवर निराळे दिसतात. दोन्हीकडे सैल होण्याचा निरोपच हरवलेला असतो, हे ओळखल्यामुळेच एकावरचा उपाय दुसऱ्यावर लागू करण्याचे सुचले.

चौथा दरवाजा : न बोलले जाणारे दुखणे

गुदद्वाराशी दोन कडी असतात. बाहेरचे कडे आपल्या इच्छेत असते, आतले नसते. मळ खाली आला, की आतले कडे नायट्रिक ऑक्साइडच्या निरोपाने आपोआप थोडे सैल होते आणि शौचाची भावना होते. गिऱ्हाईक समोर आहे म्हणून माणूस बाहेरचे कडे आवळून ही भावना परतवतो. हे रोज घडले, की भावना बोथट होते, मळ आतच राहून कोरडा आणि कठीण होतो. असा कठीण मळ बाहेर येताना त्वचेला चीर पडते. डॉक्टर तिला फिशर म्हणतात. वेदनेने आतले कडे आणखी आवळते, आवळल्यामुळे तिथला रक्तपुरवठा घटतो आणि रक्त न मिळाल्याने चीर भरत नाही. पुष्कळ लोक ज्याला मूळव्याध समजून अघोरी उपाय करतात, ते प्रत्यक्षात हे दुखणे असते.

ताजी चीर बहुतेक वेळा साध्या उपायांनी भरते. मळ मऊ राहील एवढा चोथा आणि पाणी, दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटे बसणे आणि भावना होताच शौचास जाणे. ती जुनी झाली, तर डॉक्टर नायट्रोग्लिसरीनचे सौम्य मलम देतात. हृदयाच्या गोळीतला तोच निरोप्या येथे आवळलेल्या कड्याला सैल करतो, रक्तपुरवठा वाढतो आणि काही आठवड्यांत चीर भरते. या मलमाने डोके दुखू शकते. तसे झाल्यास पेशीत कॅल्शियम शिरू न देणारे डिल्टियाझेमचे मलम हा पर्याय असतो. एक इशारा महत्त्वाचा आहे. सिल्डेनाफिल वर्गातील गोळ्या चक्रीय जीएमपीचा नाश रोखतात. त्या घेणाऱ्याने नायट्रोग्लिसरीनची गोळी किंवा मलम वापरले, तर रक्तदाब एकाएकी कोसळून प्राणावर बेतू शकते. म्हणून डॉक्टरांना घेत असलेली प्रत्येक गोळी सांगितली पाहिजे. येथे संकोच महाग पडतो.

व्रत आणि चोथा

कंदमुळे वर्ज्य, पर्वतिथीला हिरवी भाजी वर्ज्य, चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य, उकळलेले पाणी आणि तेही सूर्यास्तापर्यंतच, अशा मर्यादेत राहूनही चोथा आणि पाणी पुरेसे मिळू शकते. अडचण नियमांमुळे येत नाही. मैद्याच्या खाऱ्या, फरसाण आणि पॉलिश केलेल्या तांदळामुळे येते. ज्वारी-बाजरीची भाकरी, अख्खे मूग, मटकी, चवळी आणि हरभरा यांतून पर्वतिथीलाही चोथा मिळतो. इसबगोलाचे भूस दिवसा पुरेशा पाण्याबरोबर घेता येते. पाण्याची बाटली गल्ल्याशेजारी ठेवून सकाळपासून थोडे थोडे पाणी प्यावे. सूर्यास्ताच्या आधी एकदम तांब्याभर पिण्याने ती उणीव भरून निघत नाही. पोटातील पेटके थांबवणाऱ्या पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल बाजारात मिळतात, पण अनेक कॅप्सूलचे आवरण प्राणिज जिलेटिनचे असते. औषधविक्रेत्याला विचारून वनस्पतिजन्य आवरणाची मागणी करणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

आजारी माणसाने तपाचा हट्ट धरून औषध टाळावे, असे परंपरेलाही अभिप्रेत नाही. पच्चक्खाणांत आगार ठेवलेले आहेत आणि रुग्णाची समाधी टिकावी ही दृष्टी त्यामागे आहे. गुरुमहाराजांना आणि डॉक्टरांना दोघांनाही विचारून मार्ग काढता येतो.

खात्याची तपासणी

पोटाच्या बहुतेक तक्रारी साध्या असतात आणि साध्या उपायांनी जातात. परंतु गिळताना घास अडकणे, वजन विनाकारण उतरणे, शौचावाटे रक्त जाणे, पंचेचाळिशीनंतर शौचाची सवय एकाएकी बदलणे आणि नवजात बाळाला दोन दिवसांत शी न होणे या पाच गोष्टी 'गॅस' किंवा 'मूळव्याध' या खात्यावर टाकू नयेत. रक्त जाण्याचे कारण साधी चीर असेल, मूळव्याध असेल किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोगही असेल; ते तपासणीशिवाय कोणालाही, पाटीवाल्यालाही, सांगता येत नाही.

दिवाळीला वह्यांचे पूजन करण्यापूर्वी जुन्या खात्यांची छाननी होते. ज्या खात्यावर वर्षानुवर्षे नुसती नोंद होत राहिली आणि हिशोब कधी मिटला नाही, ते खाते शहाणा व्यापारी मुनीमाकडून उघडून घेतो. घरातील ज्या व्यक्तीची पोटाची तक्रार अशी साचत राहिली आहे, तिला या वर्षी डॉक्टरांकडे घेऊन जावे, आणि ती संकोचत असेल तर घरातील वडीलधाऱ्याने स्वतः सोबत जावे.